शाळेच्या खो-खोच्या जुन्या नोंदीत माझं आधीचं नाव आहे. काय मागता येईल?

खांबावरचा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. शाळेचं नाव आणि साल मुद्दाम सांगत नाही. कुणी ओळखलंच तर कृपया इथे लिहू नका.

मी इंदूरचाच. मराठी घर, मराठी शाळा, संध्याकाळी चिमणबागेत सराव. शाळेत माझं नाव मुलगी म्हणून लागलं होतं आणि मी मुलींच्या संघातून सतरा वर्षांखालच्या गटात खेळलो. आधी जिल्हा, मग संभाग (म्हणजे महाराष्ट्रातला विभाग), मग राज्य. संभागाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या तुकडीत उतरलो, साडेतीन मिनिटं पळालो आणि नाबाद राहिलो. आयुष्यात छाती काढून सांगाव्यात अशा माझ्याकडे तीन-चारच गोष्टी आहेत, त्यातली ही एक. आणि ती मी कुणालाच सांगू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी कागद बदलले. कलेक्टरचं लिंग-ओळखीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), सगळं. समग्रला सगळ्यात जास्त चकरा झाल्या, पण ते पुन्हा कधीतरी. नोकरी नव्या नावावर, इंदुरातच. ऑफिसात कुणाला काही माहीत नाही, आणि माहीत होण्याचं कारणही नाही.

आता शाळेचं मोठं वर्ष आहे. माजी विद्यार्थ्यांनी हौसेने जुनी वार्षिकं स्कॅन करून शाळेच्या संकेतस्थळावर चढवली. त्यात आमच्या संघाचा फोटो आहे, खाली नावं आणि नावांपुढे जन्मतारखा. (वयोगटाच्या पडताळणीची यादीच त्या वर्षी कुणीतरी जशीच्या तशी छापायला दिली होती.) वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, आणि आमचं आडनाव इंदुरात मोजून चार घरांत असेल. परवा ऑफिसातल्या एका मुलाने डबा खाताखाता विचारलं, "ही तुझी बहीण का रे? खो-खो खेळायची?"

मी हो म्हणालो. तेव्हापासून मला एक बहीण आहे. तिचं लग्न झालंय का, हेही विचारून झालंय.

शाळेकडे काय मागू? आणि मागायचा मला हक्क आहे का?

पोहेजिलेबी:
स्वागत, भिया. यात विचार काय करायचा? अख्खं पानच उडवायला सांगा. संपला विषय.

जुनाट_मास्तर:
पान उडवू नका.

मी क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त. तुमच्या शाळेत नव्हे, पण त्याच गावात, त्याच मैदानांवर. ही यादी कशी बनते ते सांगतो, म्हणजे तिची किंमत कळेल. संघ निवडला की प्रत्येक मुलाचा पात्रता अर्ज भरायचा. दाखिल-खारिज रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीतून, जन्मतारीख उतरवायची, फोटो चिकटवायचा, मुख्याध्यापकांची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर घ्यायची. मग विकासखंड, जिल्हा, संभाग, राज्य अशी प्रत्येक पायरीवर पुन्हा तीच तपासणी, कारण वय चोरणारे प्रत्येक जिल्ह्यात असतात. जन्मतारखा गोळा होतात त्या एवढ्याचसाठी. सामना संपला की त्यांचं काम संपलं. त्या वार्षिकात छापणं हाच मूळ गाढवपणा, आणि तो मीही केलाय.

पण गुणपत्रक ही वेगळी गोष्ट. खो-खोत कोण किती वेळ खेळलं ते तिथल्या तिथे सेकंदात लिहिलं जातं. साडेतीन मिनिटं नाबाद! शेवटच्या तुकडीत, दमलेल्या पायांनी! ती ओळ पुसायची म्हणजे तो डाव झालाच नाही असं म्हणायचं. मी पुसू देणार नाही.

खांबावरचा:
मास्तर, मलाही पुसायचं नाहीच. इथे कुणाला तरी ते समजलं याचंच बरं वाटलं.

सरळसोट:
थोडं कटू बोलतो, राग मानू नका. नोंद म्हणजे नोंद. त्या वेळी जे होतं ते लिहिलं गेलं. आज नाव बदललं म्हणून काल बदलत नाही. उद्या प्रत्येक जण उठून आपापला भूतकाळ दुरुस्त करून मागेल. आणि खेळात या विषयाने जगभर गोंधळ झालाच आहे. शांती सौंदराजनचं पदक गेलं, टोकियोत त्या न्यूझीलंडच्या वेटलिफ्टरवरून केवढा वाद झाला. शाळांनी यात पडूच नये.

जुनाट_मास्तर:
सरळसोट, शांतीचं नाव इथे घेऊ नका, किंवा घ्यायचंच तर नीट घ्या. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं. तिने काहीही बदललेलं नव्हतं. जन्मापासून मुलगी म्हणून वाढली, मुलगी म्हणून पळाली. शरीराची घडण वेगळी असणं आणि पुढे लिंग बदलणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पदक गेलं ते गेलंच, पण चाचणीत काय निघालं ते टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत आलं. डॉक्टरच्या कागदावर राहायचं ते चहाच्या टपरीवर आलं. २०१४ मध्ये धावपटू द्युती चंदच्या चाचणीची गोष्टही अशीच बाहेर आली. फरक एवढाच की ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात लढली आणि २०१५ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तो नियम स्थगित झाला.

वकील_रामबाग:
टोकियोचं उदाहरण उलट खांबावरचा यांच्याच बाजूने जातं. लॉरेल हबर्डने १९९८ मध्ये न्यूझीलंडमध्ये मुलांच्या गटात कनिष्ठ विक्रम केले होते. २०२१ मध्ये महिला गटात तिची निवड होताच जगभरच्या पत्रकारांनी पहिलं काय उकरलं असेल, तर ते जुने विक्रम, आणि त्यातून जुनं नाव. कुणी कुठल्या गटात खेळावं हा पुढच्या सामन्याचा प्रश्न आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्सने २०२३ मध्ये त्यावर कडक नियम केले, पटोत न पटोत. इथे पुढचा सामनाच नाही. सामना झाला, नियमाप्रमाणे झाला, कुणावर अन्याय झाला नाही. विषय फक्त एवढाच, की ती यादी आज कुणाला आणि कशाकरता दाखवायची.

आता कायदा. सल्ला फुकट आहे, त्या हिशेबानेच घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सांगितलं की स्वतःची लिंग-ओळख ठरवायचा अधिकार त्या व्यक्तीचा. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. कौल यांनी स्वतंत्र निकालपत्रात विसरलं जाण्याच्या हक्काबद्दल लिहिलंय, आणि लगेच त्याच्या मर्यादाही घातल्यात: अभिव्यक्ती, सार्वजनिक हित, ऐतिहासिक संशोधन, सांख्यिकी वगैरे. म्हणजे मास्तरांचं गुणपत्रक सुरक्षित. त्यांनी घाबरू नये.

२०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. 'तृतीयपंथी' हा शब्द २०१९ च्या त्या मूळ व्याख्येत ट्रान्स पुरुषांनाही कवेत घेतो, तुम्हाला आवडो न आवडो. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं, म्हणजे कलेक्टरचं, प्रमाणपत्र हातात असेल तर जन्मदाखल्यासह सगळ्या अधिकृत कागदांवर स्वतःचं नाव (आडनाव नव्हे) बदलून मिळतं. २०२० च्या नियमांप्रमाणे अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत. शाळेची प्रमाणपत्रं त्यात येतात. खासगी शाळाही सुटत नाही, आणि प्रत्येक संस्थेने तक्रार अधिकारी नेमायला हवा, असंही कायद्यात आहे. शाळेला विचारा, कोण आहे तो. गंमत येईल.

दुखरी जागाही सांगतो. एखाद्याचं आधीचं लिंग परस्पर उघड करणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यात त्यासाठी कलम २२ आहे: हुद्द्यामुळे कळलेली अशी माहिती फोडली तर गुन्हा. आपल्या कायद्यात भेदभावाला बंदी आहे, छळाला २०१९ च्या मूळ कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. पण हौसेने स्कॅन चढवणाऱ्या माजी विद्यार्थ्याला छळ करणारा ठरवणं कठीण, आणि ठरवूही नये.

खांबावरचा:
धन्यवाद वकीलसाहेब. आजच शाळेत जाऊन आलो. अनोळखी म्हणून नाही गेलो, प्रमाणपत्र घेऊनच गेलो. लिपिकबाई इतक्या चांगल्या वागल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाल्या, "काळजी करू नका, आम्ही सगळीकडे नवीन नाव टाकून देतो."

बाहेर पडून गाडीला किक मारली आणि मग डोक्यात उजेड पडला. सतरा वर्षांखालील मुलींचा संघ, बारा नावं, त्यात सातवं नाव पुरुषाचं! आज ते जुनं नाव वाचून ऑफिसातल्या मुलाला माझी बहीण दिसते. नाव दुरुस्त झालं तर मीच दिसेन. परत आत गेलो आणि थांबा म्हणालो. बाईंना कळेना, की हाच माणूस तासाभरापूर्वी नाव बदला म्हणत होता.

पोहेजिलेबी:
बापरे. म्हणजे बदललं तर उघडे पडणार, नाही बदललं तर कुणीतरी धागा जोडणार. मी पहिल्या प्रतिसादात केलेला शहाणपणा मागे घेतो.

नर्मदा_लाइन:
मी संगणकवाला, म्हणून त्या बाजूचं लिहितो. स्कॅन नुसतं चित्र असतं तर फारसा त्रास नव्हता. पण हल्ली स्कॅन करतानाच अक्षरओळख चालवतात, देवनागरीचीही, म्हणून आडनाव टाकलं की शोधयंत्र ते पान पुढे करतं. वर्षानुवर्षं कपाटात धूळ खाणारं वार्षिक आणि अर्ध्या सेकंदात सापडणारं वार्षिक, छपाई एकच असली तरी वस्तू दोन आहेत. सरळसोट म्हणतात नोंद म्हणजे नोंद. पण कपाटातली नोंद बघायला आधी शाळेत जावं लागायचं, कुणाला तरी विचारावं लागायचं, आणि तो विचारायचा, "कशाला हवंय?" तो "कशाला" आता उरलेला नाही.

करायचं काय तर: फाइल नुसती काढून भागत नाही, शोधयंत्राकडे जुना मजकूर ताजा करून घ्यायचा अर्जही टाकावा लागतो. वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारा साठा) प्रत गेली असेल तर तिथे संकेतस्थळाच्या मालकाने, म्हणजे शाळेने, लिहायचं. आणि शाळेच्या फेसबुक पानावर कुणी तोच फोटो टाकून खाली सगळ्यांना टॅग केलंय का ते बघा. तिथेच जास्त घोळ असतो.

वकील_रामबाग:
नर्मदा_लाइन यांचा कपाटाचा मुद्दा कायद्यातही आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कागदी रजिस्टरला लागत नाही. तोच कागद स्कॅन केला की लागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य कलमं अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत, म्हणजे मे २०२७. तोवर त्याचा धाक दाखवता येईल, वापरता येणार नाही. पण प्रश्न आजही विचारा: या बारा मुलींच्या जन्मतारखा जगाला दाखवायला संमती कुणी दिली? त्यांनी नाही, त्यांच्या आईवडिलांनीही नाही. आणि हा प्रश्न तुम्ही एकट्याच्या वतीने विचारू नका, बाराही जणींच्या वतीने विचारा. म्हणजे मधे तुम्ही दिसतच नाही.

सौ_सुदामानगर:
वकीलसाहेबांचं हे शेवटचं वाक्य फार आवडलं.

मी स्वतः शाळेत कबड्डी खेळायचे. सरळसोटभाऊंना एक विचारते. माझं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव कोरलं, पेढे वाटले आणि त्या रात्रीपासून मला त्याच नावाने हाका सुरू झाल्या. पहिले दोन महिने मी वळूनच बघत नसे, सासूबाईंना वाटायचं ऐकायला कमी येतं. पुढे बँकेत, पासपोर्टला, सगळीकडे प्रतिज्ञापत्रं केली. तेव्हा मला कुणी म्हणालं नाही की काल बदलत नाही. एका पिढीतल्या निम्म्या मराठी बायकांची नावं बदलली आणि इतिहासाला ओरखडाही आला नाही. शाळेच्या वार्षिकात मी जुन्याच नावाने आहे, घरी नव्या नावाने आहे, आणि ती दोन नावं जोडायची की नाही हे मी ठरवते. या भाऊंना तेवढंच हवंय ना?

आणि एक. फक्त यांचं नाव झाकू नका. अकरा नावं उघडी आणि एक काळं केलेलं, म्हणजे बाकी कुणाकडे बघायलाच नको.

सरळसोट:
ताई, तांदळाच्या ताटाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घरातही तेच झालंय. तरी शंका आहे. प्रमाणपत्र नोकरीत वापरायचं असेल तर? तिथे गटाची खरी नोंद लागणारच.

जुनाट_मास्तर:
रास्त शंका. केंद्राच्या नोकरीतल्या खेळाडू कोट्याला शालेय खेळांसाठी नमुना ४ लागतो, आणि तोही राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याच्या संघातून खेळलेल्यांसाठी. त्यावर शिक्षण खात्यातल्या संचालक पातळीवरच्या अधिकाऱ्याची सही असते. ते प्रमाणपत्र नव्या नावाने घ्यावं, गट कार्यालयाला कळेल, पण ते कार्यालयापुरतं राहील. अर्ज तपासणाऱ्या बाबूला माहीत असणं वेगळं आणि अख्ख्या गावाला माहीत असणं वेगळं. रजिस्टरचंही तसंच. तिथे आम्ही कधी खाडाखोड करत नाही. लाल शाईची रेघ, वर नवं नाव, आदेशाचा क्रमांक, मुख्याध्यापकांची सही. दोन्ही नावं दिसतात, दिसू देत. रजिस्टर कुलपात असतं.

वकील_रामबाग:
मास्तर, लाल शाई कुलपातच शोभते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका जन्मदाखल्याच्या प्रकरणात, कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत जुनं आणि नवं दोन्ही नावं दाखल्यावर ठेवा, असं सांगितलं. हेतू चांगला होता, वाट मोकळी करण्याचा. पण जन्मदाखला माणसाला दहा ठिकाणी दाखवावा लागतो. दहाही ठिकाणी दोन्ही नावं.

रात्रपाळी:
फार बोलत नाही मी इथे. माझं लेकरू अकरावीत आहे आणि धावतं. कुठल्या गटात धावणार हा आमच्या घरात रोजचा प्रश्न. हा धागा दोनदा वाचला. जिंकलेल्या शर्यतीबद्दल पुढे कधी बोलताच येऊ नये, असं मला नको होतं. खांबावरचा, पुढे काय झालं ते नक्की लिहा.

पोहेजिलेबी:
रात्रपाळी, कोणत्या अंतराला धावतं?

रात्रपाळी:
चारशे. शेवटच्या शंभरात सगळ्यांना खातं.

जुनाट_मास्तर:
चारशे म्हणजे जिगरीचं काम. सकाळी नेहरू स्टेडियमवर आणा कधीतरी, वेळ लावून देतो. गटबिट मला विचारायचं नाही.

खांबावरचा:
सव्वा महिन्याने येतोय. जमलं तसं सांगतो.

पत्र वकीलसाहेबांनी सुचवल्याप्रमाणे लिहिलं, "आम्ही माजी खेळाडू" म्हणून. माझ्या संघातल्या दोघींना फोन केला. वीस वर्षांनी. एकीने माझा आवाज ऐकून "कोण बोलतंय?" विचारलं, मी सांगितलं, तर पलीकडे शांतता. मग म्हणाली, "त्या दिवशी खांबावर मला ढकललं होतंस, तो तूच ना? गुडघा अजून दुखतो." दोघींनी सह्या केल्या. पत्रात माझ्याबद्दल अक्षर नाही.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष आधी चिडले. "शाळेचा मान वाढवायला हे सगळं केलं, आणि तुम्ही म्हणता झाका!" मग एका बाईंनी सांगितलं की त्यांची जन्मतारीख आणि माहेरचं नाव वापरून कुणीतरी बँकेच्या नावाने फोन केला होता. त्याने पारडं फिरलं. खरं सांगायचं तर माझ्या मुद्द्यापेक्षा बँकेचं नाव जास्त चाललं. चालू दे.

ठरलं ते असं. सर्व खेळांच्या, सर्व वर्षांच्या, मुलामुलींच्या सगळ्याच यादीतून जन्मतारखा काढल्या. संकेतस्थळावर फक्त आद्याक्षरं राहतील, पूर्ण यादी ग्रंथालयात, माजी विद्यार्थ्याने येऊन सही करून बघायची. गुणपत्रक तसंच. मास्तर, साडेतीन मिनिटं जिथल्या तिथे आहेत, पुढे एक आद्याक्षर. माझ्या नव्या नावाचंही तेच अक्षर आहे. आईने नवं नाव ठेवताना मुद्दाम तसं निवडलं होतं, रुमालावरची भरतकामाची अक्षरं फुकट जायला नकोत म्हणून. फोटो मी काढू दिला नाही. धूसर आहे, दोन वेण्या आहेत, कुणाला ओळखू येत नाही. मला येतो.

मुख्य इमारतीत लाकडी फलक आहे, पांढऱ्या रंगात संघनायकांची नावं. त्यावर मी आहे, जुन्या नावाने. त्याला हात लावू नका म्हणालो. जिना चढून जो बघेल त्याने बघावं. वेबॅकचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि फेसबुकवरचा एक फोटो राहिलाय. तो टाकणारा दुबईला असतो आणि संदेश बघत नाही.

सरळसोट:
बरं झालं. फलक ठेवलात ते विशेष आवडलं. दुबईवाला आमच्या वर्गातला असू शकतो, व्यक्तिगत निरोपात नाव पाठवा, मी फोन करतो.

पोहेजिलेबी:
आणि बहीण?

खांबावरचा:
ती पुण्याला असते. खो-खो सोडला, गुडघा गेला. ऑफिसातला तो मुलगा विचारत होता दिवाळीला येणार का म्हणून.

सौ_सुदामानगर:
ताईंना नमस्कार सांगा. आली तर छप्पन दुकानला खायला घेऊन या.